खुर्च्या किती, मुली किती: पिंपळगावच्या भाचीसाठी ब्युटी कोर्स निवडताना

2023 च्या मे महिन्यातली गोष्ट. बारावीचा निकाल लागून तीन दिवस झाले होते आणि ताईचा पिंपळगावहून फोन आला. "अगं, हिचं पार्लरच्या कोर्सचं ठरवून टाकलं. कॉलेज रोडला. दहा हजार भरून पण आलो." मी नाशकात, सिडकोत पवननगरला सतरा वर्षं पार्लर चालवते आणि सख्ख्या बहिणीच्या मुलीचा कोर्स ठरल्याचं मला पैसे भरून झाल्यावर कळलं. आधी राग आला. मग विचारलं, फी किती? "पंच्याऐंशी. पण हप्ते आहेत ना."

हे प्रकरण इथून पुढचं आहे. आमच्याकडे दर जूनमध्ये दोन-तीन आया मुलींना घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, चांगला क्लास कोणता?" त्यांना मी तोंडी जे सांगते, ते एकदा सविस्तर लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप.

माणसं आणि त्यांची गणितं

भाचीला दहावीला 68 टक्के होते, बारावी आर्ट्स. पुढे मुक्त विद्यापीठातून बीए करायचं तिच्या मनात होतं. पार्लरचं वेड खरं होतं, फोनवरचे व्हिडिओ बघून आलेलं नव्हतं. मामेबहिणीच्या हळदीला तिनं सात बायकांची केसांची रचना केली होती आणि एकीच्याही डोक्यावरचा गजरा जेवणं होईपर्यंत सुटला नव्हता. तिचा बेत साधा होता: शिकायचं, एखाद-दोन वर्षं नोकरी करायची आणि मग पिंपळगावलाच स्वतःचं सुरू करायचं. परदेशाचं किंवा क्रूझवरच्या नोकरीचं स्वप्न नव्हतं. हे आधी विचारून घेणं फार महत्त्वाचं असतं, कारण कोणतं प्रमाणपत्र घ्यायचं ते यावर ठरतं.

दाजी द्राक्षांच्या पॅकहाउसला सुपरवायझर. हंगामात पैसा, एरवी ओढाताण. लाखभर रुपये म्हणजे त्यांच्यासाठी एका हंगामाची शिल्लक.

आणि मी. माझाही स्वार्थ होता, तो इथं नोंदवलाच पाहिजे. माझ्याकडची हाताखालची मुलगी लग्न होऊन गेली होती. भाची जवळपास कुठेतरी शिकली तर शनिवार-रविवार मला मदत होईल, असं मनात होतंच. त्यामुळे माझा सल्ला शंभर टक्के निर्मळ होता असं कोणी समजू नये.

कॉलेज रोड: काचेचं दार आणि सहा खुर्च्या

दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघी तिथं गेलो. मोठ्या नावाची फ्रँचायझी. काचेचं दार, थंडगार एसी, भिंतीवर नववधूंचे फोटो. समुपदेशक म्हणून बसलेल्या मॅडमनी पुन्हा सगळं सांगितलं: सहा महिन्यांचा डिप्लोमा, फी 85,000, आठवड्यातले पाच दिवस, रोज तीन तास, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. मी विचारलं, जीएसटी यात धरलाय का? नव्हता धरलेला. 18 टक्क्यांनी 15,300 वर. किट वेगळं, 12,000. म्हणजे ताईच्या डोक्यातले 85 हजार प्रत्यक्षात 1,12,300 होते, आणि हे दहा हजार भरून झाल्यावर कळत होतं.

'हप्ते आहेत' हेही नीट उलगडून घेतलं. हप्ते अकॅडमीचे नव्हते. एक फायनान्स कंपनी सगळी फी अकॅडमीला एकरकमी देणार आणि कर्ज दाजींच्या नावावर चढणार. उद्या भाचीला कोर्स आवडला नाही, आजारपण आलं, अकॅडमीच बंद पडली, तरी हप्ता चालूच. अकॅडमीचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल झालेले असतात. दुसऱ्या महिन्यापासून मुलीकडे लक्ष द्यायची त्यांना घाई का असेल?

मग म्हटलं, चालू वर्ग बघू द्या. थोडी कुरबुर झाली, पण आत सोडलं. आणि इथं मी जे केलं तेच मी आता सगळ्यांना करायला सांगते: मोजलं.

खुर्च्या सहा. मुली बावीस. शिक्षिका एक. सहा मुली डमीच्या डोक्यावर ब्लो ड्राय करत होत्या. दोघी-तिघी शेजारी उभ्या राहून बघत होत्या, बाकीच्या भिंतीला टेकून फोनवर. पहिला तास रोज थिअरीचा असतो, हे शिक्षिकेनंच सांगितलं. सहा महिने म्हणजे साधारण 130 दिवस, रोजचे दोन तास प्रॅक्टिकल, म्हणजे 260 तास. त्याला सहा खुर्च्यांनी गुणा आणि बावीस मुलींत वाटा. एका मुलीच्या वाट्याला हातात कात्री-कंगवा घेऊन जेमतेम 71 तास येतात. 1,12,300 भागिले 71. तासाला साधारण 1,580 रुपये. मी हे पावतीच्या मागेच लिहिलं आणि ताईला दाखवलं. ती काही बोलली नाही, पण पर्स घट्ट धरून बसली.

शिक्षिकेबद्दल मात्र वाईट लिहिणार नाही. मुलगी हुशार होती. मी उगाच विचारलं, पांढरे केस झाकायला किती व्हॉल्यूमचा डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड) घेता? "वीस, मॅम. सहा टक्के." बरोबर. चाळीस म्हणजे बारा टक्के, तो टाळूला लागू द्यायचा नाही, हेही तिनं न विचारता सांगितलं. पण पॅच टेस्टचं विचारलं तर हसली. "वेळ कुठे असतो?" गडद रंगांमध्ये बहुतेकदा पीपीडी नावाचं रसायन असतं. ज्यांना ते सोसत नाही त्यांचे डोळे-कपाळ सुजतं, कधी दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर लावून 48 तास थांबायचं असतं. रंगाच्या खोक्यावरही हे छापलेलं असतं. जिथं शिकवतानाच वेळ नसतो, तिथली मुलगी धंद्यात वेळ कुठून काढणार? ती शिक्षिका स्वतः त्याच अकॅडमीतून आदल्या वर्षी बाहेर पडलेली होती. तिला तिथं कोणी ते करून दाखवलंच नसणार.

प्लेसमेंटचंही तपासलं. तीन सलूनची नावं मिळाली. दोन ठिकाणी मी ओळखीनं फोन केला. एका ठिकाणी म्हणाले, हो, घेतो त्यांच्या मुली. पहिलं वर्षभर शॅम्पू आणि झाडलोट, सात हजार, सुट्टी मंगळवारी.

भिंतीवरचे कागद

रिसेप्शनमागे फ्रेम केलेली पाच प्रमाणपत्रं होती. ताईला ती बघूनच विश्वास बसला होता, त्यामुळे यावर जरा थांबते.

एक होतं उद्यम नोंदणीचं. हे माझ्याकडेही आहे. आधार आणि पॅन घेऊन बसलं की घरबसल्या, फुकटात मिळतं. 'भारत सरकार' असं वर लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ एवढाच की हा एक नोंदलेला लघुउद्योग आहे. शिकवण्याच्या दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. दुसरं आयएसओ 9001. ते कामकाजाच्या व्यवस्थापनाचं असतं आणि खासगी संस्था देतात. फरसाणवाल्यालाही मिळतं. तिसऱ्यावर 'इंटरनॅशनल' असं ठळक होतं. नीट वाचलं तर तो शब्द अकॅडमीच्या स्वतःच्याच नावाचा भाग निघाला.

खरं आंतरराष्ट्रीय म्हणायचं तर सिडेस्को आहे, 1946 पासूनची संस्था, किंवा ब्रिटनची सिब्टॅक. त्यांची परीक्षा असते आणि ती घ्यायला परीक्षक बाहेरून येतो. एखादा क्लास ही नावं घेत असेल तर एवढंच विचारायचं: मागची परीक्षा कोणत्या महिन्यात झाली, कुठे झाली, किती मुली बसल्या? खरोखर परीक्षा होत असेल तर उत्तर पटकन येतं. आमच्या भाचीला पिंपळगावात पार्लर टाकायचं होतं. सिडेस्कोचा तिला उपयोग नव्हता आणि परवडणारही नव्हतं. जिला परदेशात किंवा पंचतारांकित हॉटेलच्या स्पामध्ये जायचंय, तिच्यासाठी ते वेगळं.

'स्किल इंडिया'चा शिक्का असेल तर तो एका विशिष्ट केंद्राला आणि एका विशिष्ट कामासाठी मिळालेला असतो, म्हणजे उदाहरणार्थ असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट. मुंबईच्या शाखेला मान्यता आहे म्हणून नाशिकच्या शाखेला असतेच असं नाही. शेवटचा कागद 'क्लिनिकल कॉस्मेटॉलॉजी'च्या दोन महिन्यांच्या कोर्सचा होता: पील, लेसर, 'इंजेक्टेबल्स'. माझं मत विचाराल तर अशा ठिकाणाहून चप्पल घालून सरळ बाहेर पडावं. सुई आणि लेसर हे त्वचारोग डॉक्टरांचं काम आहे. दोन महिन्यांत ज्या मुलीला ते शिकवलं, तिच्या हातून कोणाचा चेहरा भाजला तर कोर्ट-कचेरीत उभी तीच राहणार.

पंचवटीच्या बाई

मी मनातून ज्याला मत देऊन बसले होते तो हा पर्याय. माझ्या ओळखीतल्या एक बाई पंचवटीत पार्लर चालवतात आणि सोबत क्लासही घेतात. तीन महिने, 25,000, एका वेळी सहाच मुली. थ्रेडिंगला त्यांचा हात म्हणजे नाशकात नाव घेण्यासारखा. मी स्वतः भुवया त्यांच्याकडूनच करून घेते.

तिथंही मोजलं. शनिवारी दुपारी 2 ते 6 मी बाकावर बसून राहिले. अकरा गिऱ्हाइकं आली. नऊ बाईंनी स्वतः केली. दोन मुलींच्या हाती दिली, तीही हातांच्या वॅक्सिंगची. सहा मुली, चार तास, दोन गिऱ्हाइकं. बाकी वेळ मुली टॉवेल धूत होत्या, चहा आणत होत्या, केर काढत होत्या. बाईंचं तरी काय चुकलं? गिऱ्हाईक त्यांच्या हातासाठी येतं. शिकाऊ मुलीकडे बसवलं तर ते पुढच्या वेळी समोरच्या पार्लरला जाईल. ज्याचा धंदा त्याच खुर्चीवर चालतो त्याचा क्लास बहुतेकदा असाच चालणार. आणि प्रमाणपत्र म्हणजे त्यांच्या लेटरहेडवरचा कागद.

शिवाय एक गोष्ट डोळ्यात खुपली. थ्रेडिंग करताना बाई दोऱ्याचं टोक दातात धरतात. मीही सुरुवातीची कितीतरी वर्षं तसंच केलं. तेव्हा त्यात काही वाटायचं नाही.

तीन-चार महिन्यांचे सरकारी मोफत कोर्सही आहेत, 2015 पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखाली चालतात. आम्ही गेलो तेव्हा जवळच्या केंद्रात बॅच चालू नव्हती आणि पुढची कधी ते तिथल्या मुलाला सांगता येईना. तो विषय तिथंच संपला.

आयटीआय, ज्याचं नाव कोणी घेत नव्हतं

हा पर्याय भाचीनंच काढला. तिच्या वर्गातली एक मुलगी आयटीआयत फॅशन टेक्नॉलॉजीला गेली होती. दाजी म्हणाले, "आयटीआय म्हणजे फिटर-वेल्डर. तिथं पोरीचं काय काम?" त्यांच्या पिढीचं बरोबरच आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी नाशकात आयटीआयची ओळखच तशी करून ठेवलीय. पण कॉस्मेटॉलॉजी हा आयटीआयमधला एक वर्षाचा रीतसर व्यवसाय आहे. (तिथं 'ट्रेड'ला व्यवसायच म्हणतात आणि शिकवणाऱ्यांना निदेशक.) दहावी पास असलं की अर्ज करता येतो, प्रवेश दहावीच्या गुणांवर, अर्ज ऑनलाइन, राज्यभर एकच प्रक्रिया. शेवटी मिळतं ते राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, एनटीसी. ते ऑनलाइन पडताळता येतं, देशभर चालतं, पुढे शिकाऊ उमेदवारीला उपयोगी पडतं. आणि कधी निदेशक व्हायचं मनात आलं तर सीआयटीएसचा, म्हणजे निदेशकांच्या प्रशिक्षणाचा रस्ताही याच कागदावरून जातो.

अभ्यासक्रमाचे तास छापलेले असतात, हे मला फार आवडलं. वर्षाला 1,200: त्यातले 840 प्रात्यक्षिकाचे, 240 थिअरीचे, 120 एम्प्लॉयेबिलिटी स्किल्सचे. शिवाय 150 तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी किंवा प्रकल्पाचे. दुसरं कोणीही मला तास लिहून दिले नव्हते.

शहरातल्या ज्या आयटीआयत आम्ही गेलो, तिथं दार काचेचं नव्हतं. पंखा आवाज करत होता. आठ खुर्च्या, 24 मुली. 840 गुणिले आठ, भागिले चोवीस, म्हणजे एकीला 280 तास. फी, डिपॉझिट, ॲप्रन, स्वतःचं किट सगळं धरून दहा हजारांच्या आत. पिंपळगावहून रोजचा प्रवास धरला तरी वर्षाचे पंचवीस हजार, कारण त्याच मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. तासाला 90 रुपये.

आता दुसरी बाजू. मेकअपच्या पेटीत फाउंडेशनच्या तीन छटा. तीनच! आपल्याकडे एका घरात तीनपेक्षा जास्त रंगाच्या बायका असतात. हत्यारं निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह होतं, 121 अंशाला पंधरा मिनिटं चालणारं, कॉलेज रोडला नव्हतं असं खरंखुरं. पण ते कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली रजेवर गेलेल्या निदेशकांकडे. कॉलेज रोडला त्याजागी निळ्या दिव्याची पेटी होती. तिला सगळे स्टरलायझर म्हणतात, पण ती धुऊन जंतुनाशकात बुडवून काढलेली हत्यारं ठेवायला असते. मळकी कात्री निळ्या उजेडात ठेवली म्हणून स्वच्छ होत नाही.

दुसऱ्या निदेशक बाई वर्गात होत्या. साध्या सुती साडीत, थोड्या कडक. त्या एका मुलीला वॅक्स लावायला शिकवत होत्या. मुलीनं पट्टी मॉडेलच्या हाताकडे नेली तसा बाईंनी तिचा हात मध्येच धरला, पट्टी मुलीच्याच मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली आणि म्हणाल्या, "आधी स्वतःला. भाजलं तर तुला कळू दे." मी मनातल्या मनात पंचवटीचा पर्याय तिथंच खोडला.

घरातला वाद

दाजींचं म्हणणं होतं की सहा महिन्यांत मुलगी कमवायला लागेल, मग वर्ष कशाला घालवायचं? ताईला भरलेल्या दहा हजारांचं वाईट वाटत होतं. "भरलेत ना, मग आता तिथंच जाऊ दे." गेलेल्या पैशामागे आणखी लाख पाठवायचे, असा हा हिशेब, पण घरोघरी असाच होतो. भाचीला रोज सकाळी सातच्या एसटीची धास्ती होती. आयटीआयत 80 टक्के हजेरी नसेल तर परीक्षेलाच बसता येत नाही, आणि कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे एसटी अडकली की पाऊण तास उशीर ठरलेला.

निकाल लावला तो भाचीनंच. तिनं बापाला विचारलं, "पप्पा, द्राक्षं पॅक करायला नवीन बाई आली तर तिला किती दिवस बघत उभं ठेवता?" दाजी म्हणाले, अर्धा दिवस, मग पेटी हातात. "मग तिकडं मी सहा महिने बघत उभी राहू का?"

जूनमध्ये अर्ज भरला. पहिल्या फेरीत नंबर लागला नाही, दुसरीत लागला. मधले तीन आठवडे ताईनं मला रोज फोन करून कॉलेज रोडची आठवण करून दिली.

दहा हजारांचं पुढे काय झालं तेही सांगते. पावतीवर 'नॉन रिफंडेबल' छापलं होतं आणि अकॅडमीनं तेच बोट दाखवलं. पावतीवर छापलं की विषय संपला असं बहुतेकांना वाटतं. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर तक्रार नोंदवली: एकही तास शिकवलेला नाही, जीएसटी आणि किटचा खर्च पैसे घेण्याआधी सांगितला नाही. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार समोरच्याकडे पोचवते आणि पाठपुरावा करते. दोन महिन्यांनी 5,000 परत आले. उरलेल्यासाठी ग्राहक आयोगात जाता आलं असतं. आम्ही नाही गेलो. दाजींची द्राक्षांची छाटणी आली होती.

वर्षभरात काय झालं

मी भाचीला एक वही दिली होती. रोज किती वेळ हातात काम होतं, तेवढंच लिहायचं. बघितलं, ऐकलं, लिहून घेतलं, यातलं काही धरायचं नाही. माझ्या हिशेबानं 280 तास व्हायला हवे होते. वर्ष संपलं तेव्हा वहीत 214 होते. बाकीचे कुठे गेले? सण, निदेशकांची रजा, डिसेंबरात पंधरा दिवस हेअर कलरचा मालच संपलेला, आणि मे 2024 मध्ये लोकसभेच्या मतदानासाठी कर्मचारी निवडणुकीच्या कामाला. खासगी क्लासमध्ये निवडणुकीनं वर्ग बंद पडत नाहीत, ते खरं. तरी 71 पेक्षा 214 तिप्पट आहेत. आणि ते 71 सुद्धा कागदावरचेच होते.

शनिवार-रविवार ती माझ्याकडे यायची. पहिल्या दिवशी थ्रेडिंगला बसवली. तिनं दोऱ्याचं टोक दातात न धरता मानेभोवती अडकवलं. आयटीआयत तसंच शिकवलं होतं, तोंडाचा संबंध नको म्हणून. आमच्या जुन्या गिऱ्हाइकानं डोळे उघडून विचारलं, "हे काय गळ्यात?" भाचीची मान आधी पुढे-मागे जास्त हलायची, दोरा सैल पडायचा आणि केस तुटायचा, मुळातून निघायचा नाही. बोटाच्या पेरावर दोऱ्यानं चिरलेली बारीक रेघ महिनाभर होती. तिसऱ्या महिन्यात मान स्थिर झाली आणि हात चालायला लागला. मग मीही दात सोडून मानेवर आले. चाळिशी उलटल्यावर सवय बदलायला मला तिच्यापेक्षा जास्त दिवस लागले.

जे शिकायला मिळालं नाही ते नववधूचा मेकअप. आयटीआयत एकदा झाला, त्याच तीन छटांवर. आमच्याकडे पार्लरचं वर्ष तुळशीच्या लग्नानंतर उजाडतं, त्यामुळे हा लहानसहान खड्डा नव्हता. परीक्षा झाल्यावर, डिसेंबर 2024 मध्ये, तिनं इंदिरानगरच्या एका मेकअप आर्टिस्टकडे बारा दिवसांचं खासगी शिक्षण घेतलं, 14,000 रुपयांत. पैसे भरण्याआधी एक दिवस नुसतं जाऊन बसली आणि मला फोन केला: "मावशी, तीनच मुली आहेत, आणि दोन खरी लग्नं हाताला मिळणार आहेत." अगदी सुरुवातीला कोणी मला सांगितलं असतं की आयटीआयनंतरही खासगीत पैसे घालावे लागतील, तर मी कदाचित डगमगले असते. कॉलेज रोडला बुडालेले पाच हजार सोडले, तर सगळं धरून खर्च चाळीस हजारांच्या आत राहिला. पण दीड वर्ष गेलं. ज्या घरात मुलीनं सहाव्या महिन्याला पैसे आणायलाच हवेत, तिथं हा रस्ता चालणार नाही. तिथं मी अजूनही एखादी छोटी, कमी मुलींची जागा शोधायला सांगेन, पण चार तास बाकावर बसून मोजल्याशिवाय नाही.

एनटीसी आलं ते डिजिलॉकरमध्ये. दोन वर्षं नोकरी करायचा बेत दाजींनी सहा महिन्यांवर आणला. गंगापूर रोडच्या सलूनमध्ये तिनं तेवढे काढले. तिथं पहिल्या आठवड्यात तिच्याकडून पांढऱ्या केसांचा रंग करून घेतला आणि दुसऱ्या आठवड्यापासून शॅम्पूला उभं केलं नाही. मग 2025 च्या पावसाळ्याआधी पिंपळगावला घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या टाकल्या. एक नवी, एक जुन्या बाजारातली, जिचं हायड्रॉलिक बसायच्या वजनावर हळूहळू खाली येतं. मुद्रा कर्जयोजनेच्या शिशु गटातून 50,000 मिळाले. बँकेत कोर्सचा कागद मागितला तेव्हा साहेबांनी एनटीसीवरचा क्यूआर कोड स्वतःच्या फोननं तपासला.

आता भांडण दराचं आहे. शेजारच्या गल्लीत भुवया 30 रुपयांत होतात, हिनं पाटीवर 50 लिहिलेत. ताई रोज म्हणते, कमी कर. त्यात हिची पॅच टेस्ट. मागच्या महिन्यात दोन बायका परवाच्या लग्नासाठी केस रंगवायला आल्या, तिनं कानामागे थेंब लावला आणि परवा सकाळी या म्हणाली. लग्न सकाळी नऊचं होतं. दोघी तणतणत शेजारच्या गल्लीत गेल्या. एक मागच्या आठवड्यात परत आली, दुसरी अजून आलेली नाही.